'अनुपमा'चं दुसरं लग्न बघून आपल्या घरात काही बदललं का?

शाहूपुरीची माई
आमच्याकडं २०२० पासून रात्री दहाला टीव्हीवर 'अनुपमा' ही हिंदी मालिका लागते. बघत नसाल तर थोडक्यात सांगते. अहमदाबादच्या शहा कुटुंबातली सून, तीन मुलांची आई. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याचं बाहेर प्रकरण आहे हे तिला कळतं. ती घटस्फोट घेते, नाच शिकवून स्वतःच्या पायावर उभी राहते आणि मे २०२२ मधल्या भागांत कॉलेजातल्या मित्राशी, अनुज कापडियाशी लग्न करते. सासूचा विरोध, पण सासरे, म्हणजे बापूजी, तिच्या पाठीशी.

माझी धाकटी बहीण २०१९ पासून माहेरी आहे. एका संक्रांतीला दोघी शेजारी हळदी-कुंकवाला गेलो. माझ्या कपाळाला कुंकू लागलं, तिच्यापाशी आल्यावर त्या बाईंचा हात करंड्यातच थांबला. तिच्या हातावर नुसता तिळगूळ ठेवला, वाण नाही. जिना उतरताना ती एक शब्द बोलली नाही, मुठीतला तिळगूळ तसाच.

पुढं त्या लग्नाचे भाग लागले. आई वाती वळत बसली होती. एकदम म्हणाली, "आपली पोर तर हिच्यापेक्षा लहान आहे." तोवर घरात हा विषय कुणीच काढला नव्हता. म्हणून मला वाटतं, या मालिकेनं मोठं काम केलंय.

मंगळवार पेठ
माई, तुमच्या आईंचं कौतुकच आहे, पण मालिकेचं नाही. अनुज मोठा उद्योगपती आहे. बंगला, गाड्या, वर्षानुवर्षं तिच्यावरच जीव. असा माणूस दारात उभा असेल तर नव्यानं सुरुवात कुणालाही जमेल. माझ्या मामेबहिणीला काय लागलं ते मी बघितलंय. परस्पर संमतीनं घटस्फोट घ्यायचा म्हटलं तरी हिंदू विवाह कायद्याच्या १३ब कलमाखाली आधी वर्षभर वेगळं राहायचं, अर्ज दिल्यावर परत सहा महिने थांबायचं. ते सहा महिने माफ होऊ शकतात असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे, पण हे तिला सांगणारं कुणी नव्हतं. पोटगीच्या तारखा वेगळ्याच. प्रत्येक तारखेला पगार कापून यायची, येताना एस.टी.त पोराचा अभ्यास घ्यायची. बाईला आधी पगार लागतो, डोक्यावर छप्पर लागतं. दुसरा नवरा त्यानंतर.

जुना वाडा
मी सत्तरीतला माणूस, स्पष्ट लिहितो. या मालिकांनी सासू म्हणजे खलनायिकाच करून ठेवली. भांड्याला भांडं लागणारच, म्हणून कुणी चूल मोडत नाही. पूर्वी चार वडीलधारी बसून समजूत घालायची, कितीतरी घरं सावरली आमच्या डोळ्यांदेखत. आणि इतकं वाजतगाजत लावलेलं लग्न तरी टिकवलं का? अनुज-अनुपमाचीही पुढं ताटातूट केलीच. 'अनुपमा' ज्या बंगाली मालिकेवरून घेतली, तिच्यावरूनच मराठीत 'आई कुठे काय करते' होती. तिथं अरुंधतीचं दुसरं लग्न लावलं आणि त्या आशुतोषला मारूनच टाकलं. यातून पोरींनी काय घ्यायचं?

शिरोळची लेक
काका, ती चार वडीलधारी बहुतेक पोरीलाच समजावायची, नवऱ्याला नाही. माझ्या आत्याला तीनदा समजावून परत धाडलं. चौथ्यांदा ती हात मोडून आली.

पण माई, श्रेय मालिकेला देऊ नका. हेरवाड हे आमच्या शिरोळ तालुक्यातलं गाव. ४ मे २०२२ ला तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला: नवरा वारला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या गावांसाठी परिपत्रक काढलं. तुमच्या टीव्हीवर लग्न चालू होतं तेव्हाचीच गोष्ट. आणि शाहू महाराजांनी करवीर, म्हणजे कोल्हापूर संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला तो १९१७ साली! हे आपल्या मातीतलं आहे, अहमदाबादहून आणायची गरज नाही.

शाहूपुरीची माई
ताई, मान्य. पण १९१७ ला कायदा झाला आणि २०२२ ला बांगड्या फोडू नका असा ठराव करावा लागला, म्हणजे मधली शंभर वर्षं तो कायदा उंबऱ्याबाहेरच राहिला ना? आमच्या आईला महाराजांचा कायदा माहीत आहे, दसरा चौकातल्या पुतळ्याला ती हात जोडते. तरी बहिणीचा विषय निघाला तो टीव्हीसमोर, कारण तिथं एक सासरा सुनेच्या बाजूनं बोलताना तिनं बघितला. आमचे अण्णाही तेव्हा पेपर खाली ठेवून ऐकत होते.

काका, तुमचा राग मला कळतो. लग्न लावून पुन्हा रडवायचं, हे मलाही आवडलं नाही. आठवड्याचे इतके भाग भरायचे म्हणून एखादीला सुखानं बसूच द्यायचं नाही, यानं तिचं दुसरं लग्नच चुकलं असं बघणाऱ्याला वाटतं. त्यावर मी मालिकेची बाजू घेणार नाही.

मंगळवार पेठ
मग बहिणीचं पुढं काय ठरलं? विचारलेलं चालणार असेल तर.

शाहूपुरीची माई
चालेल. आईनं वधू-वर मंडळाचा फॉर्म आणून ठेवलाय. काल हा धागा मी बहिणीला वाचून दाखवला. म्हणाली, "मंगळवार पेठेचं बरोबर आहे. आधी शिवणाच्या दुकानाचा गाळा माझ्या नावावर होऊ दे, फॉर्म मग भरू." आई रुसून बसलीय. अण्णा आज गाळा बघायला गेलेत.