‘एन्डेव्हर’ म्हणजे नुसता ‘प्रयत्न’ का?

खोडरबर: एका इंग्रजी कराराच्या मराठी भाषांतरात ‘ट्राय’ आणि ‘एन्डेव्हर’ या दोन्हींसाठी ‘प्रयत्न करणे’च वापरलंय. चालेल का? शब्द मुळात आला कुठून?

काना_मात्रा: बोलण्यात चालेल, करारात नाही. फ्रेंच ‘दव्वार’ म्हणजे कर्तव्य. ‘स्वतःला कर्तव्याला जुंपणं’ असा फ्रेंच वाक्प्रचार मध्ययुगीन इंग्रजीत आला, त्यातले ‘इन’ आणि ‘डेव्हर’ चिकटून हे क्रियापद झालं. म्हणूनच पूर्वी इंग्रजीत ते ‘मी स्वतःला एन्डेव्हर करतो’ असं स्वतःवर लावत.

‘दव्वार’च्या मागे लॅटिन ‘डेबेरे’ आहे, म्हणजे देणं लागणं. ‘डेट’ (कर्ज), ‘डेबिट’, ‘ड्यूटी’ ही त्याचीच भावंडं. मराठी माणसाला यात नवल वाटू नये: ‘देणं लागतो’ आणि ‘जावं लागतं’, दोन्हीकडे ‘लागणे’च. इंग्रजी ‘ऑट’ (करायला हवं) हेसुद्धा ‘ओ’ (देणं असणं) याचंच जुनं भूतकाळी रूप!

‘ट्राय’चं कूळ वेगळं. जुन्या फ्रेंचमध्ये तो निवडणं, पाखडणं या अर्थाचा. कोर्टातली ‘ट्रायल’ तिथलीच.

कलम_४२०: करारापुरतं सांगतो. ‘बेस्ट एन्डेव्हर्स’ आणि ‘रीझनेबल एन्डेव्हर्स’ यांत इंग्लंडच्या कायद्यात फरक आहे. पहिल्याचं बंधन जड. दोन्हींना ‘शक्य ते प्रयत्न’ लिहिलं की तो फरकच पुसला जातो. ‘पराकाष्ठेचे प्रयत्न’ आणि ‘वाजवी प्रयत्न’ असं वेगळं ठेवा. आणि ‘करून देईल’ तर मुळीच नको, कारण यात निकालाची हमी नसते.

काना_मात्रा: व्याकरणातही लोक घसरतात. ‘एन्डेव्हर’नंतर ‘टू’ आणि क्रियापद. ‘फॉर’ हवं असेल तर ‘स्ट्राइव्ह’ घ्या (भूतकाळ ‘स्ट्रोव्ह’). उच्चारात जोर ‘डे’वर, ‘एन्डीव्हर’ नव्हे.

खोडरबर: उत्तम. स्पेलिंगच्या शेवटी ओ-आर की ओ-यू-आर?

कलम_४२०: अमेरिकेत ओ-आर, ब्रिटनमध्ये ओ-यू-आर. पण अमेरिकन स्पेलचेकवर विसंबून सरसकट बदल करू नका, विशेषनामं बिघडतात. नासाचं ‘एन्डेव्हर’ यान ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या जहाजावरून नाव घेतलेलं, म्हणून ब्रिटिश स्पेलिंगचं. तरी २००७ मध्ये प्रक्षेपणतळावरच्या फलकावर ‘यू’ गळलाच होता.