डेंग्यूची साथ, खो-खोचा संघ आणि औषध

दांडियाबाजारकर: वडोदऱ्यात डेंग्यू वाढलाय. आंतरमहाविद्यालयीन सामने तोंडावर आणि संघातल्या तिघी तापाने आडव्या. ताप उतरल्यावर कधी खेळवायचं? नेमकं औषध आहे का?

रक्ततपासणी: ताप उतरला की सुटलो, असं समजू नका. घातकी काळ तिथूनच, 24 ते 48 तासांचा. रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो, रक्तदाब घसरतो. पोटात कळा, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, यातलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना गाठा. रक्ताच्या चाचण्या: पहिल्या 5 दिवसांत एनएस1 (विषाणूचं प्रथिन शोधणारी), नंतर आयजीएम (शरीराने बनवलेली प्रतिपिंडं शोधणारी). अंगदुखीला फक्त पॅरासिटामॉल. संघाच्या औषधपेटीतली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आजच काढा, त्यांनी रक्तस्राव वाढतो. खो-खोत सूर मारणं, खांबावर आदळणं आलंच, म्हणून प्लेटलेट पूर्ववत होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत मैदान नाही.

प्रयोगवही: विषाणूवर थेट मारा करणारं मान्यताप्राप्त औषध अजून नाही. मॉसनोडेनवीर या प्रायोगिक औषधाकडून मोठी आशा होती. विषाणूच्या दोन प्रथिनांची जोडणी ते रोखतं. पण ते बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने 2024 मध्ये चाचणी थांबवली, याची फार हळहळ वाटते. पपईच्या पानांच्या रसापायी सलाईन लावायला उशीर करू नका.

दांडियाबाजारकर: बाकीच्या मुलींचं काय?

रक्ततपासणी: डेंग्यू पसरवणारा एडिस डास सकाळी आणि मावळतीआधी जास्त चावतो, म्हणजे ऐन सरावाच्या वेळी. पूर्ण बाह्या, पायमोजे, डास पळवणारं मलम. सरावाचे टायर, ताडपत्रीच्या घड्या, कूलर आठवड्यातून एकदा कोरडे करा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कडा घासा. अंडी तिथेच चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात.