मदत हवी आहे: रॉजर ट्राउटमनसारखा टॉक बॉक्स

मंडळी, अमेरिकेतल्या ओहायोमधल्या हॅमिल्टनचा फंक संगीतकार रॉजर ट्राउटमन आणि त्याचा झॅप बँड सध्या डोक्यात घुमतोय. १९८० च्या पहिल्या अल्बमला फंक बासवादक बूट्सी कॉलिन्सचा हात होता, पुढे रॉजर स्वतःच पक्का संगीत निर्माता झाला. रॅपर टूपाकच्या 'कॅलिफोर्निया लव्ह' गाण्यातला (१९९५) तो यंत्रासारखा आवाज त्याचाच.

टॉक बॉक्समध्ये कीबोर्डचा आवाज नळीतून तोंडात सोडायचा आणि ओठ-जीभ हलवून त्याचे शब्द करायचे; गळा गप्प. माझा सूर येतो, पण 'स', 'श' उमटतच नाहीत, वर नळीत लाळ साचते (हसू नका!). नळी दाढेकडे धरू की पुढे? माइक किती जवळ? आणि निर्माता रॉजर नीट कळायला झॅपनंतर काय ऐकू? वोकोडर (बोलण्याला इलेक्ट्रॉनिक पद्धतीने यंत्रासारखा आवाज देणारं उपकरण) घे म्हणू नका, ते प्रकरणच वेगळं.