पाव आण्याच्या नाण्याची कोर : टाकसाळीची चूक की नंतरची कापणी?

प्रश्न :
नमस्कार. एका विक्रेत्याकडे पंचम जॉर्जच्या काळातील, १९१९ सालचे पाव आण्याचे कांस्य नाणे पाहिले. त्याच्या काठाचा चंद्रकोरीएवढा भाग नाही आणि ही टाकसाळीतली चूक असल्याचे सांगून तो बरीच जादा किंमत मागतो आहे. वजन ४.५ ग्रॅम भरले. काठ नंतर कोणी कानशीने घासला असेल, तर ते कसे ओळखावे?

प्रतिसाद १ :
या नाण्याचे ठरलेले वजन सुमारे ४.८६ ग्रॅम असते. परंतु चूक असो वा घासणी, वजन दोन्हींत घटणारच, तेव्हा तराजू येथे निकाल देणार नाही. टाकसाळीत धातूच्या पट्टीतून चकत्या कापताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर नवी चकती आधीच्या भोकावर चढते आणि कोर घेऊनच बाहेर पडते. छाप पडतो तो त्यानंतर. साहजिकच दाबाखालचा धातू त्या मोकळ्या जागेकडे ओढला जातो आणि कोरीलगतची अक्षरे ताणल्यासारखी, उथळ होत जातात. घासलेल्या नाण्यात मात्र अक्षर पूर्ण उठावाचे असते आणि सुरीने कापावे तसे मध्येच संपते. तुटलेल्या काठाचा रंग उजळ असेल तर शंका घ्यावी, पण गडद रंगावर विसंबू नये. तो रसायनाने सहज आणता येतो.

प्रतिसाद २ :
कोरीच्या बरोबर समोरची किनारही पाहावी. चकतीची कड उचलणाऱ्या यंत्रात कोरीपाशी दाब मिळत नाही, त्यामुळे समोरची किनारही बऱ्याचदा बसकी राहते. संग्राहक यास ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. तो आढळला तर पुरावा भक्कम. आढळला नाही, एवढ्यावरून नाणे खोटे ठरवू नये. शिवाय त्याच प्रकारचे दुसरे नाणे कोरीत टेकवून पाहा. कोर त्याच मापाच्या भोकाची असल्याने बाक जवळजवळ जुळला पाहिजे.

प्रश्नकर्ता :
आज भिंग आणि दुसरा पाव आणा घेऊन गेलो होतो. कोरीचा बाक फारच आखूड निघाला, ‘एम्परर’मधील अक्षर पूर्ण जाडीत तुटलेले आहे आणि समोरची किनार सर्वत्र सारखीच उठावदार आहे. तुटक्या नाण्याच्या भावात देणार का, असे विचारले. विक्रेत्याने ते मुकाट्याने डबीत परत ठेवले.