भाजणीची चकली : खप तिप्पट, गल्ला रिकामा

सोऱ्या_सातारा (धागाकर्ता)

वय २३. आधी दिवाळीत आकाशकंदील, मग टी-शर्ट छपाई असे दोन उद्योग करून झाले, दोन्हींत माल अंगावर राहिला. आता आठ महिने भाजणीची चकली चालू आहे. आकडे असे:

महिन्याला ४० किलोपासून सुरुवात, आता १२० किलो. २०० ग्रॅमचं पाकीट, छापील किंमत ८०, दुकानाला ६०. दुकानं १४, पैसे साधारण दीड महिन्याने मिळतात. पीठ, तेल, तीळ-तिखट, गॅस, पाकीट आणि लेबल मिळून किलोला १६५ रुपये पडतात. चकल्या पाडायला शेजारच्या काकू (दिवसाला ४५०), तळायला आई. दोघी मिळून दिवसाला १८ किलो काढतात.

१) किलोला ३०० मिळतात, १६५ जातात, मग १३५ कुठे जातात? खात्यात काहीच दिसत नाही.
२) तीन आठवड्यांनी तक्रारी येतात. कोणी म्हणतं मऊ पडली, कोणी म्हणतं वास येतो. महिन्याला तीसेक पाकिटं परत येतात.
३) कर्ज काढून चकली पाडायचं यंत्र घ्यावं का? अनुदान मिळतं असं ऐकलं.

जाणकारांनी सांगावे. गोड बोलायची गरज नाही.

---

कच्ची_वही

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे, फक्त ते पुढे ओढायला हवेत.

१६५ हा मालाचा खर्च झाला, चकलीचा नाही. त्यात मजुरी घाला. काकूंचे ४५० आणि आईचेही ४५०, दिवसाला ९००, भागिले १८ किलो म्हणजे किलोला ५०. आईला पैसे देत नाही म्हणून ते धरायचे नाहीत, हे चालणार नाही. आई चार दिवस आजारी पडली तर तळायला दुसरं माणूस लावावंच लागेल, आणि ते फुकट येणार नाही. झाले २१५.

आता तुकडा. हाताने भरताना आणि तळताना शंभरात पाच किलो तरी मोडतंच. २१५ भागिले ०.९५ म्हणजे २२६. दुचाकीवर १४ दुकानं फिरायला महिन्याचं पेट्रोल १२०० धरलं तरी किलोला १०. झाले २३६. परत आलेली पाकिटं ६०० पैकी ३०, म्हणजे ५ टक्के. तो माल गेला तो गेलाच, त्याचा खर्च उरलेल्या मालावर चढतो : २३६ भागिले ०.९५, म्हणजे २४८.

तेव्हा किलोमागे १३५ नाही, ५२ सुटतात. त्यातून विजेचं बिल आणि सीलिंग यंत्राची झीज जायची. तुमचा स्वतःचा पगार अजून धरलेलाच नाही.

आता हे ५२ तरी दिसत का नाहीत? ४० किलोच्या वेळी महिन्याची विक्री १२,०००. दीड महिन्याची उधारी म्हणजे १८,००० बाहेर. आज विक्री ३६,०००, म्हणजे ५४,००० बाहेर. आठ महिन्यांत सरासरी ८० किलोप्रमाणे ६४० किलो माल गेला. ५२ प्रमाणे नफा ३३ हजार. आईची न दिलेली मजुरी किलोला २५ प्रमाणे १६ हजार. बेरीज ४९ हजार, आणि दुकानांकडे अडकलेत ५४ हजार. नफा झालाय, पण तो दुकानांच्या फळीवर बसलाय. वर पाच हजार तुमच्या खिशातले गेलेत. किराणा आणि तेल रोखीने, विक्री उधारीने, अशा धंद्यात खप वाढला की पैसा आटतोच. २०० किलोवर जाल तेव्हा ९० हजार बाहेर असतील. वसुलीची मुदत दीड महिन्यावरून १५ दिवसांवर आणली तर आजच्याच खपावर ३६ हजार सुटे होतात.

आणखी एक. दुकानदाराने 'पंचवीस टक्के' मागितले तेव्हा कशावर, हे ठरवलं होतं का? छापील किमतीवर २५ टक्के म्हणजे दर ६०. तुमच्या दरावर २५ टक्के म्हणजे दर ६४. पाकिटाला ४ रुपये, ६०० पाकिटांना महिना २,४००. तुमचा सगळा नफा सहा हजारांच्या आत असताना ही रक्कम लहान नाही. नवीन दुकानाशी बोलताना टक्का बोलूच नका, 'पाकीट ६४ ला पडेल' एवढंच बोला.

कंदील आणि टी-शर्टचं दुखणंही हेच होतं असं दिसतंय : माल आधी, गिऱ्हाईक नंतर. टी-शर्टमध्ये मधले साइज संपतात, सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा उरतो. म्हणून ते काम मंडळाची किंवा कॉलेजची यादी आणि निम्मी रक्कम हातात आल्यावरच करायचं असतं. कंदिलाला तर भाऊबीजेनंतर भावच नसतो.

---

झारा

तक्रारी दोन वेगळ्या आहेत, त्या एकत्र करू नका. चकली सादळली तर दोष ओलाव्याचा. खवट झाली तर दोष तेलाचा आणि हवेचा. परत आलेलं प्रत्येक पाकीट फोडून वास घ्या, मोडून बघा आणि वहीत 'सादळली' की 'खवट' ते तारखेसह लिहा. ही नोंद नसेल तर औषध अंदाजाने होईल.

सादळण्याची कारणं, जी जास्त वेळा सापडतात त्या क्रमाने :

गरम असताना पॅक करणं. बाहेरून गार लागली तरी वेढ्याच्या आत वाफ असते. जाळीवर एकेरी थरात पसरून पंख्याखाली दीड ते दोन तास लागतात. परातीत ढीग घातला तर खालच्या थराची वाफ वरच्याला लागते. पण रात्रभर उघडी ठेवणंही तितकंच वाईट, पावसाळ्यात तर चकली हवेतलं पाणी ओढून घेते.

तेल फार तापलेलं असणं. मग चकली वरून पटकन तांबूस होते, आत पिठाळ राहते. सोडताना १७० ते १७५ अंश, घाणा पडल्यावर तेल १६० च्या आसपास टिकलं पाहिजे. लांब दांडीचा तळणाचा थर्मामीटर घ्या, डोळ्यांवर भिस्त नको. काढायची वेळ रंगावरून नाही, बुडबुड्यांवरून ठरवा. बुडबुडे जवळजवळ थांबले म्हणजे आतलं पाणी गेलं. कढईत एका वेळी जास्त चकल्या सोडल्या की तेल एकदम उतरतं आणि चकली तेल पिते.

सील गळणं. रोज पहिली पाच पाकिटं पाण्याच्या बादलीत दाबून धरा. बुडबुडा आला तर पट्टीचं तापमान किंवा वेग चुकलाय. सीलच्या जागी भाजणीची पूड किंवा तेलाचा हात लागला तर सील वरून धरल्यासारखं दिसतं, पण धरत नाही.

(लिज्जतची सुरुवात १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन केली. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणली, वर पापड, खाली स्टोव्ह. ओलाव्याशी झगडा जुनाच आहे.)

आता खवटपणा. चकलीत पाव भागाहून जास्त तेल असतं, त्यामुळे तळणीचं तेल जितकं जुनं तितकं पाकिटाचं आयुष्य कमी. कालच्या तेलात आज नवीन तेलाची भर घालत राहणं हा सर्वात मोठा गुन्हा. जुनं तेल नव्यालाही नासवतं. प्रत्येक घाण्यानंतर तळाचा चुरा बारीक झाऱ्याने काढा, दिवसाअखेर तेल गाळा. तेल काळपट, चिकट झालं, फेस धरायला लागलं की टाकायचं. नियमाप्रमाणे तेलातले एकूण ध्रुवीय घटक (तेल पुन्हा पुन्हा तापून बिघडलं की वाढणारे अंश) २५ टक्क्यांवर गेले की ते तेल खाण्याच्या कामाचं नाही. सोयाबीन तेल टिकायला कमी. पामोलीन किंवा रिफाइंड शेंगदाणा जास्त टिकतं.

पाकीट कोणतं वापरता ते तुम्ही लिहिलं नाही, पण पारदर्शक पातळ पिशवी असेल तर तीन आठवडे हे तिचंच आयुष्य आहे. उजेड आणि हवा दोन्ही आत जातात. आतून चंदेरी, तीन थरांचं पाउच घ्या. मात्र छापील पाउचच्या मागे आत्ता लागू नका, त्याला छपाईचे सिलिंडर करावे लागतात आणि हजारोंनी माल उचलावा लागतो. साधं चंदेरी पाउच आणि चांगलं लेबल पुरे.

पाकिटावर 'दोन महिने उत्तम' छापायचं तर आधी पुरावा हवा. एका दिवसाच्या मालातली आठ पाकिटं बाजूला काढा. चार घरात, चार पत्र्याखालच्या माळ्यावर. १५, ३०, ४५ आणि ६० व्या दिवशी दोन्हीकडचं एकेक फोडा. माळ्यावरचं ज्या दिवशी बिघडेल त्याच्या आधीची तारीख लेबलवर.

लेबलवर १४ आकडी एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) नंबर, हिरवं शाकाहारी चिन्ह, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, बॅच नंबर, निव्वळ वजन, उत्पादनाची तारीख, सर्व करांसह किंमत, पत्ता, तक्रारीचा फोन हे हवंच. ग्रॅममागे किंमतही छापावी लागते, तुमच्या पाकिटाला ०.४० रुपये. ती बरेच जण विसरतात.

---

पेठेतला

वसुलीबद्दल. १४ दुकानं ही फुशारकी आहे. एका फेरीत होतील अशी सहा-सात ठेवा, ज्यांच्याकडे १५ दिवसांत २५ पाकिटं जातात ती. बाकीच्यांना 'सध्या माल कमी निघतोय' म्हणा आणि जुनी बाकी तेवढी घ्या.

पद्धत 'बिलावर बिल'. मागचं बिल चुकतं झालं की नवीन माल उतरवायचा, आधी नाही. माल हातात ठेवून पैसे मागा. माल फळीवर गेला की मालक 'जेवायला गेलेत'. वार ठरलेला हवा, मंगळवार म्हणजे मंगळवार. पहिल्या वेळी दहाच पाकिटं द्या. दुकानदाराने पन्नास मागितली तर ती खपणार म्हणून नव्हे, फळी भरलेली दिसावी म्हणून मागतो, आणि त्यातली वीस तुम्हालाच परत येतात. जाल तेव्हा जुनी पाकिटं पुढे, नवी मागे लावा. हे काम दुकानदार तुमच्यासाठी करणार नाही.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट आहे, करून ठेवा. सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी ४५ दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे. मोठ्या स्टोअरला माल देताना तो कामाला येतो. कोपऱ्यावरच्या वाण्याला कायदा दाखवलात तर पैसे मिळतील एकदा, फळी जाईल कायमची.

आणि दिवाळी सोडू नका. सोसायट्या, पतसंस्था, शाळांचा स्टाफ यांच्याकडून अर्धा आणि एक किलोच्या ऑर्डरी नवरात्रातच निम्म्या आगाऊ रकमेवर घ्या. तो पैसा उधारीत अडकत नाही.

---

सोऱ्या_सातारा

आईची मजुरी धरायची हे डोक्यातच नव्हतं. घरात आत्ता ११ पाकिटं परत आलेली होती, फोडली : ८ सादळलेली, ३ खवट. पाउच पारदर्शकच आहे. पॅकिंग आम्ही अर्ध्या-पाऊण तासात करतो. यंत्राचं कोणीच बोललं नाही. आणि मोडलेल्या चकल्यांचं काय करायचं?

---

झारा

अकरात आठ सादळलेल्या, म्हणजे आधी जाळी आणि पंखा. हजार-दीड हजाराचं काम आहे. पाउच त्यानंतर बदला. दोन्ही एकदम बदललंत तर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

यंत्राआधी एक दिवस घड्याळ लावून बसा. एका घाण्यात ६०० ग्रॅम आणि घाण्याला सात-आठ मिनिटं धरली तर एक कढई तासाला पाचेक किलो देते. १८ किलोला चार तासांच्या आत. म्हणजे कढईला दम आहे, वेळ पीठ मळण्यात, पाडण्यात आणि पॅकिंगमध्ये जातोय. पाडणं खरंच अडत असेल तर टेबलावरचं लहान हातदांड्याचं यंत्र पुरेल. मोठ्या यंत्राला सैलसर, एकसारखं पीठ लागतं. काकूंच्या हाताच्या अंदाजाचं पीठ त्यात घातलं की वेढे तुटतात. तेव्हा पाणी वजनावर घ्यायची सवय आत्ताच लावा. मोहनही मोजूनच घाला. जास्त झालं तर चकली तेलात विरघळते, कमी पडलं तर दाताखाली दगड.

---

कच्ची_वही

अनुदानाबद्दल एवढंच. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्राच्या योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आणि स्वतःचे किमान १० टक्के, असं आहे. पण हे अनुदान हातात येत नाही. बँकेत कर्जखात्याशी जोडून तीन वर्षं राहतं आणि कर्ज नीट फेडलं तर वळतं होतं. हप्ता मात्र पहिल्या वर्षापासून तुमचाच. किलोला ५२ सुटत असताना आणि ५४ हजार बाहेर असताना हप्ता कुठून देणार? अर्ज सध्या घेतात का ते जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात विचारा. तोवर सहा महिन्यांचा व्यवहार बँकेतून दिसू द्या, रोखीची विक्रीही खात्यात भरा. बँक तेच बघते.

चुरा पाव किलोच्या पिशवीत 'चकली चुरा' म्हणून भेळवाल्याला द्या, रोखीने, किलोला १२० मिळाले तरी घ्या. १२० किलोत सहा किलो निघतो, म्हणजे महिना ७२०. पेट्रोलचा निम्म्याहून जास्त खर्च सुटला. फक्त तळाचा काळा चुरा त्यात मिसळू नका.