मदत हवी आहे: क्रेडिट कार्ड घ्यावं की डेबिटच बरं? (पगाराच्या तारखेचा भरवसा नाही)

बाराखडी
नमस्कार मंडळी, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, सातारा जिल्हा. खातं एकच, त्यातच पगार, त्यातच साठवलेलं, घराचा हप्ता पण त्यातूनच 5 तारखेला जातो. गेल्या महिन्यात 3 तारखेला फ्रिज घेतला 34,500 चा, डेबिट कार्ड स्वाइप केलं, मशीनवर डिक्लाइन्ड आलं पण मोबाईलवर पैसे कटल्याचा मेसेज. दुकानदार म्हणे मॅडम आमच्याकडे काही आलं नाही. शेवटी ह्यांनी यूपीआयने परत पैसे भरले तेव्हा फ्रिज टेम्पोत चढला. पण खात्यात उरलं होतं साडेतीन हजार, हप्ता बाउन्स, 590 रुपये चार्ज, आणि कटलेले पैसे आले आठव्या दिवशी. रोज ब्रँचला फोन, रोज "मॅडम वेट करा".

आता बँकेतूनच फोन येतोय की दीड लाख लिमिटचं क्रेडिट कार्ड प्री-अप्रूव्ड आहे, लाइफटाइम फ्री. हे म्हणतात घेऊन टाक, असे प्रकार झाले तर आपले पैसे तरी अडकत नाहीत. पण माझ्या धाकट्या दिरांचं बघितलंय, दोन वर्षं मिनिमम ड्यू (बिलातली किमान भरावीच लागणारी रक्कम) भरत बसले आणि शेवटी जाऊबाईंच्या पाटल्या गहाण पडल्या. सासूबाईंनी तर "उधारीचं कार्ड घरात नको" असं स्पष्ट सांगितलंय. आणि आमचा पगार कधी 1 ला होतो कधी 10 ला, मग बिल भरायचं कशातून? काय करू?

चुलतभाऊ
आधी तुमचे 300 रुपये मागा! हसू नका. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर 2019 चं परिपत्रक आहे, दुकानातल्या मशीनवर असं झालं, म्हणजे पैसे कटले पण दुकानाला कन्फर्मेशन गेलं नाही, तर 5 दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत, पुढे दर दिवशी 100 रुपये भरपाई. तुमचे आठव्या दिवशी आले म्हणजे तीन दिवस उशीर. हे बँकेने न मागता द्यायचं असतं, देतात किती ते सोडा. लेखी तक्रार करा, त्यात बाउन्सचे 590 पण लिहा, महिन्यात उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फुकट.

पैसाअडका
ताई, तुमचे मिस्टर बरोबर बोलतायत. डेबिटवर गडबड झाली की भांडण मिटेपर्यंत पैसा तुमचा अडकतो, क्रेडिटवर बँकेचा. फ्रॉडचंही तेच. म्हणून मी बाहेर सगळीकडे क्रेडिटच वापरतो.

पण दिरांचं जे झालं ते का झालं ते बघा. समजा 40,000 थकलेत आणि व्याज महिना साडेतीन टक्के, झाले 1,400, त्यावर जीएसटी 18 टक्के म्हणजे 252, एकूण 1,652. मिनिमम ड्यू 5 टक्क्यांनी 2,000. म्हणजे दोन हजार भरून मुद्दल कमी झालं फक्त 348 रुपये!! वर बाकी ठेवली की नवीन खरेदीला ते 45-50 दिवस बिनव्याजी मिळत नाहीत, किराणा घेतला तरी पहिल्या दिवसापासून मीटर चालू. एटीएममधून क्रेडिट कार्डाने कॅश तर चुकूनही काढू नका.

बाराखडी
348?? हे त्यांना कुणी सांगितलंच नसेल. बरं पण पगाराच्या तारखेचं काय, तो माझा खरा प्रश्न आहे.

पैसाअडका
बिलाची तारीख बदलून मिळते, निदान एकदा तरी बदलू द्यावीच लागते असा नियम आहे. ड्यू डेट (बिल भरायची शेवटची तारीख) 18-20 च्या आसपास येईल अशी मागा म्हणजे पगार 10 ला झाला तरी चालेल. ड्यू डेटनंतर तीन दिवस लेट फी लावता येत नाही, पण त्या तीन दिवसांच्या जिवावर राहू नका. ऑटोपे लावताना "टोटल ड्यू" निवडा, मिनिमम नाही.

कऱ्हाडची_माई
माझं वेगळं मत. बाराखडी, तुझा प्रॉब्लेम कार्डाचा नाहीच, सगळी अंडी एका टोपलीत ठेवलीस त्याचा आहे. पगाराच्या खात्याचं डेबिट कार्ड कपाटात ठेव, ॲपमधून त्याचं ऑनलाइन आणि टॅप करून पैसे द्यायचं बंद करून टाक (टॅपला 5,000 पर्यंत पिन लागत नाही, पर्स हरवली तर काय). दुसऱ्या बँकेत साधं बचत खातं उघड, महिन्याला दहा-बारा हजार तिकडे टाक, बाजारहाट, यूपीआय, सगळं त्यावरून. अडकले तर तेवढेच अडकतील, हप्ता शाबूत. दीड लाखाचं लिमिट बघून माणूस फ्रिजच्या जागी डबल डोअर फ्रिज घेतो, मी घेतलाय 😀

चुलतभाऊ
माई +1. आणि गावाकडे क्रेडिट कार्ड काढलं की दुकानदार म्हणतो दोन टक्के एक्स्ट्रा पडतील. रुपे क्रेडिट कार्ड मात्र यूपीआयला जोडता येतं, क्यूआर स्कॅन करून चालतं, फक्त दुकानात हं, माणसाला पैसे पाठवता येत नाहीत.

पैसाअडका
माईंचं पटलं, पण फ्रिजसारखी मोठी खरेदी दहा-बारा हजारांच्या खात्यातून कशी होणार? त्यासाठी कार्ड असू द्या, लिमिट 40,000 करून मागा. कमी करून देतात.

बाराखडी
सगळ्यांचे आभार. ठरवलंय, आधी माईंनी सांगितलेलं वेगळं खातं, घराचा हप्ता आहे तिथेच राहील. क्रेडिट कार्डाला आत्ता नाही म्हणते, दिवाळीला वॉशिंग मशीन घ्यायचंय तेव्हा लिमिट कमी करून मागेन, सासूबाईंना तोवर तयार करते (348 चा हिशोब त्यांना नको सांगायला, दिरांची धडगत नाही). 300 रुपयांचा अर्ज उद्याच देते. खातं उघडायला शनिवारी गेले तर चालेल ना, शाळा सकाळची असते.

कऱ्हाडची_माई
दुसरा-चौथा शनिवार बंद असतो, हा तिसराय, जा. पॅन, आधार, दोन फोटो ने. आणि विमा गळ्यात मारतील, सही करायच्या आधी वाच.