‘तमस’ची संथ सुरुवात

जुन्या मालिका आज संथ वाटतात, हे नेहमी ऐकू येणारे मत ‘तमस’ला लावता येणार नाही, असे मला मनापासून वाटते. गोविंद निहलानी यांनी दिग्दर्शित केलेली, फाळणीच्या काळातील दंगलींवरची ही मालिका १९८८ साली दूरदर्शनवर आली. सुरुवातीलाच ओम पुरींचा नत्थू एका कोंदट खोलीत डुकराला मारण्यासाठी धडपडताना दिसतो आणि हा प्रसंग असह्य वाटावा इतका लांबतो. परंतु त्याच डुकराचे धूड पुढे मशिदीच्या पायरीवर सापडते, तेव्हा नत्थूच्या अपराधभावनेचे ओझे आपल्याही अंगावर येते. ते ओझे घाईघाईच्या संकलनाने कधीच आले नसते. मूळ कादंबरीचे लेखक भीष्म साहनी यांनी स्वतः साकारलेला हरनाम सिंग आणि दीना पाठक यांची बंतो गाव सोडून निघतात, तो भाग तर मला आजही सलग पाहवत नाही. प्रक्षेपण थांबवण्याची मागणी मुंबई उच्च न्यायालयापुढे आली असता न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहून ती मागणी फेटाळली, हेही येथे नोंदवावेसे वाटते. ‘पाताल लोक’ ही अलीकडची वेब मालिका मलाही आवडली. मात्र तिच्यातील हिंसा धक्का देते, ‘तमस’मधील हिंसा आपल्यालाही जबाबदार धरते.